जनकाबाईचा उतार

सत्यभामाबाईंचं आपल्या सासूशी कधी पटलं नाही, हे मोठ्या टाकळीच्या हटकरगल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासू जनकाबाई आणि सून सत्यभामाबाई एका घरात राहिल्या, एका चुलीवर भाकरी थापल्या, एकाच कळपामागं कयाधूच्या काठानं हिंडल्या. पण एक सरळ बोलली की दुसरीनं तिरकं बोलायचं, हा नेम दोघींनी शेवटपर्यंत पाळला. मीठ जास्त झालं म्हणून भांडण, कमी झालं म्हणूनही भांडण. जनकाबाई वारल्या तेव्हा सत्यभामाबाई रडल्या, पण रडता रडताही, "आता माझ्या कामात खोट काढायला कोण येतंय," असंच म्हणाल्या. त्यामुळं त्याच सासूच्या नावाच्या जागेसाठी ही बाई साऱ्या नगरपंचायतीपुढं पाय रोवून उभी राहिली, तेव्हा गल्लीला आधी हसू आलं. पुढं ते हसू जिरलं.

जागा म्हणजे तरी काय, नदीत उतरायची वाट. टाकळीपाशी कयाधूचा काठ कडा तुटल्यासारखा उभा आहे. खाली डोह आहे, त्याला उन्हाळ्यातही पाणी असतं. पण पाणी दिसतं आणि हाताला लागत नाही, अशी गत. फार वर्षांपूर्वी मेंढ्या धुवायला नेताना काठाची दरड ढासळली आणि जनकाबाईंच्या गाभण मेंढ्या डोळ्यांदेखत डोहात गेल्या. त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी कुदळ घेतली, गल्लीतल्या चार बायका जमवल्या आणि काठ खणायला लागल्या. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारायलाही आलं नाही. काठ तासून तासून त्यांनी गाडी उतरेल असा उतार केला, वर मुरूम टाकला, मेंढरांच्याच पायांनी तो दाबून घेतला आणि कडेला आसरांचे सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावला. पाण्यातल्या देवींना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं.

वाट झाली की तिच्यावरून जग चालायला लागतं. म्हशीवाले यायला लागले, गौरी-गणपती यायला लागले, बैलपोळ्याचे बैल तिथंच धुतले जाऊ लागले, दहाव्याचे पिंड तिथंच ठेवले जाऊ लागले. लोक म्हणायचे, जनकाबाईच्या उतारावर जाऊन येतो. नाव असं पडलं. नारळ फुटला नाही, भाषण झालं नाही. जनकाबाईंना मात्र त्या नावाचं भारी अप्रूप. बाजारात कुणी अनोळखी माणूस उतार म्हणाला की त्या मुद्दाम थांबून, "ती जनका मीच," असं सांगून यायच्या. सत्यभामाबाई मागं उभ्या राहून डोळे फिरवायच्या.

आता मोठ्या टाकळीची नगरपंचायत झाली, आणि नगरपंचायत झाली की गावाला पहिल्यांदा काय सुचतं, तर कमान. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येवो, पण काठाला बाग पाहिजे, बागेत कारंजं पाहिजे आणि बसायला रंगीत बाकडी पाहिजेत. नगराध्यक्ष संपतराव माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, लग्नाकार्याला, मयताला हजर असायचा. त्याच्या मनात होतं की काठावर बाग करावी आणि तिला आपल्या वडिलांचं, व्यंकटरावांचं नाव द्यावं. लेकाला बापाचं नाव लावावंसं वाटलं तर त्यात काही गैर नाही. फक्त बापाचं नाव आपल्या जागेला लावावं, लोकांच्या वाटेला नव्हे.

होळीनंतर शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. काठाचा कोण कसा वापर करतं ते सांगायला लोकांना बोलावलं होतं. सत्यभामाबाई धुतलेलं लुगडं नेसून गेल्या, पुढच्या खुर्चीवर बसल्या. शहरातून आलेल्या साहेबानं विचारलं, "आजी, तुमच्या मेंढ्या किती?"

"हाईत," सत्यभामाबाई म्हणाल्या. कळपाची मोजणी परक्यापुढं तोंडानं करत नाहीत; नजर लागते.

"बरं. तो उतार तुम्ही किती वेळा वापरता?"

"सालातून दोनदा," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "एक दसऱ्याला, एक होळीच्या पाठीमागं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवून घ्यावी लागतात साहेब. मळकट लोकरीत कातर चालत न्हाई."

हे त्यांनी दिवाळी-दसरा सांगावा तशा दिमाखात सांगितलं. मेंढक्याच्या घरी ते दोन दिवस म्हणजे सणच. त्या दिवशी पुरण होतं, पाहुणे येतात, साखऱ्याहून त्यांचा दीर सोनाजी आपला कळप घेऊन दोन दिवसांची मजल मारत येतो, पहिल्या मेंढीची पहिली लोकर आसरांपुढं ठेवतात. आणखी एक, दुसऱ्याच्या कळपाचं आपण बोलायचं नाही, हीही त्यांच्यातली जुनी रीत. म्हणून म्हशींचं म्हशीवाले सांगतील, दहाव्याचं ज्याच्या घरी मयत झालं तो सांगेल, असं समजून त्या आपल्यापुरतं बोलून बसल्या. म्हशीवाल्यांना बैठकीचा पत्ताच नव्हता. आणि आपल्या घरी दहावा होणार आहे असं आगाऊ सांगायला कोण येणार?

साहेबानं मान डोलावली. संपतराव हसून म्हणाला, "म्हणजे बाकी सालभर ती जागा रिकामीच पडलेली असते." टाळ्या वाजल्या. सत्यभामाबाईंनाही वाटलं, आपलं म्हणणं साहेबाला पटलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

उन्हाळाभर काम चाललं. सत्यभामाबाईंची सून पुनम बारावी झालेली, कौतुकानं रोज बघून यायची. "आई, झोके बसवून राहिलेत. लेकराला घेऊन बसायला जागा व्हईल की." सत्यभामाबाईंचंही त्यावर काही म्हणणं नव्हतं. सुनेनं संध्याकाळचं घटकाभर बाकड्यावर बसावं, याला त्या का ना म्हणतील? पावसाळ्यात मेंढरं माळावरच असतात, म्हणून त्या दिवसांत त्यांचा काठाकडं पाय वळला नाही.

भादवा सरता सरता त्या दसऱ्याच्या धुण्याआधी उतार बघायला गेल्या आणि वाटेतच थबकल्या. काठाच्या कडेनं भिंत. उताराच्या तोंडाशी गणपती गेल्यावर नुकतंच बसवलेलं लोखंडी दार, त्याला कुलूप. दारावर कमान, कमानीवर सोनेरी अक्षरं: लोकनेते कै. व्यंकटराव जलविहार. गजांमधून आत बघितलं तर उतारावर मुरूम नव्हता. गुळगुळीत चकचकीत फरशी होती, माणसानंही जपून पाय टाकावा अशी. आसरांचे दगड झाडाखाली जाळीच्या आत सरकवले होते.

दारावर राखणीला फुलसिंग होता, जवळच्या तांड्यावरचा. लहानपणी तोही इथंच पोहायला शिकला होता. खाकी सदरा नवा होता आणि त्याला तो काखेत काचत होता.

"फुलसिंग, दार उघड."

"काकू, दुपारच्यानंतर उघडतं. तिकीट हाय. आन् जनावर आत न्यायला बंदी हाय."

"दसऱ्याला मेंढरं धुवायची कुठं मंग?"

फुलसिंगनं नजर चोरली. "साहेब म्हणून राहिले की तुमीच बैठकीत सांगितलं. दोनदाच लागतो म्हणून. दोनदासाठी एवढा काठ उघडा कसा ठेवावा?"

सत्यभामाबाईंना आपल्याच टाळ्या कानात ऐकू आल्या. त्या घरी आल्या, ओसरीवर बसल्या आणि पाणी दिलं तरी घेईनात. पुनमला वाटलं ऊन लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्याच तोंडानं मी उतार विकला गं. आत्याबाई असत्या तर चिमट्यानं जीभ ओढली असती माझी." सासू मेल्यावर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्यांना सासूचं भय वाटलं. लाज तर त्याहून जास्त वाटली. ज्या बाईनं कुणाला न विचारता काठ तासला, तिच्या सुनेनं विचारल्यावर काठ देऊन टाकला.

पण सत्यभामाबाईंचा स्वभाव असा की लाज त्यांना फार वेळ पुरत नाही. तिचा राग होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेंढरं सोडली आणि माळाकडं न जाता थेट कमानीकडं वळवली. गळ्यात घंटा बांधलेली शेळी पुढं, तिच्यामागं सारा कळप. दारापाशी येऊन शेळी थांबली. तिला आपली वाट माहीत; लोखंड माहीत नाही. तिनं गजांना दोन ढुशा दिल्या आणि तिथंच खाली बसली. शेळी बसली म्हणून कळप बसला. सत्यभामाबाईंनी भिंतीच्या सावलीत घोंगडी अंथरली.

फुलसिंग धावत आला. "काकू, हे काय करून राहिल्या?"

"बसून राहिले."

"इथं बसता येत न्हाई."

"आत येता येत न्हाई असं तू म्हणला. मी आत कुठं आले? मी रस्त्यावर हाव. रस्ता बी तुमच्या व्यंकटरावाचा हाय का?"

दुपारनंतर बागेत यायला लोक निघाले. नव्या कपड्यांतली लेकरं, केसांत गजरे माळलेल्या बाया, चपला हातात धरून मेंढ्यांच्या मधून वाट काढणारे मास्तर. आत कारंजं उडत होतं आणि बाहेर लेंड्यांचा सडा पडला होता. कुणी नाक धरलं, कुणी हसलं, कुणी विचारलं, "आजी, इथं काहून बसल्या?" सत्यभामाबाईंनी एकाचाही रस्ता अडवला नाही. ज्यानं विचारलं त्याला एवढंच सांगितलं, "सालातून दोनदा वापरते म्हणले, त्याचा दंड भरून राहिले. आता रोज येते."

आणि रोज आल्याच. मेंढरं उपाशी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी साखऱ्याला सोनाजीला निरोप धाडला. सोनाजी म्हणजे सत्तरी ओलांडलेला, जेवढ्यास तेवढं बोलणारा म्हातारा. त्यानं निरोप ऐकला, बिडी विझवली, कळप उठवला. टाकळीत पोचल्यावर भावजयीला म्हणाला, "वैनी, तुमी आज माळावर जा. आज माझी पाळी." तेव्हापासून पाळ्या लागल्या. एक दिवस यांचा कळप, एक दिवस त्याचा, पुढं बाळापूरकडच्या बाजाराला निघालेले दोन-तीन कळपही वाट वाकडी करून एकेक दिवस बसून गेले. दारापाशी मेंढ्या नाहीत असा दिवस गेला नाही. दुसऱ्याच्या कळपाचं बोलायचं नाही ही रीत तशीच राहिली. ज्याचा कळप तो आपल्या तोंडानं बोलू लागला.

गावात दोन तट पडले. बाग सुंदर झाली हे खोटं नव्हतं. हटकरगल्लीतल्याही काही बायका म्हणायच्या, म्हातारीनं उगाच खूळ काढलं, टाकळीला आता कुठं जरा शहरासारखं रूप येऊन राहिलंय. पुनमची तर कुचंबणा झाली. तिच्या मैत्रिणी बागेत आणि सासू दारात. एकदा ती चिडून म्हणाली, "आई, बोरवेलच्या पाण्यानं धुता येतील की मेंढरं."

"येतील," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आन् गौरी नेऊन बोरवेलात सोड. आन् मी मेल्यावर पिंड बी बोरवेलावर ठेव."

हे त्या रागानं बोलून गेल्या, पण तसंच घडलं. गावातले एक कापडाचे व्यापारी वारले होते. त्यांच्या दहाव्याला सकाळीच घरची माणसं पिंडाची तयारी घेऊन उताराकडं आली: मुंडण केलेला थोरला मुलगा, भटजी, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. व्यापाऱ्याचं घर म्हणजे संपतरावाच्या अगदी घरोब्यातलं. त्यांना वाटलं, नदीवर जायचं म्हणजे जायचं. दार लागलं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दाराला कुलूप. फुलसिंग किल्ली घेऊन उभा, पण त्याला सक्त ताकीद, दुपारच्या आत दार उघडायचं नाही. त्यानं फोन लावला, साहेब बैठकीत. ऊन वर चढत चाललं. कावळे आतल्या झाडावर आणि पिंड बाहेर.

सत्यभामाबाई त्या दिवशी आपल्या पाळीला बसल्या होत्या. त्यांनी मेंढ्या बाजूला सारून त्या माणसांना सावलीत जागा करून दिली, बायांना आपल्या घागरीतलं पाणी दिलं. फुलसिंग हळूच म्हणाला, "काकू, तिकीट फाडून दिलं असतं तर..." तेव्हा मात्र त्यांनी त्याच्याकडं वळून बघितलं.

"मेलेल्या माणसाचं बी तिकीट फाडतो काय रे?"

आवाज मोठा नव्हता, पण साऱ्यांनी ऐकला. व्यापाऱ्याच्या मुलानं मान खाली घातली. फुलसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बापाचा दहावाही याच उतारावर झाला होता. त्यानं कंबरेची किल्ली काढली आणि दार उघडलं. पिंड गेले, माणसं गेली. मेंढ्याही उठल्या, तर सत्यभामाबाईंनी काठी आडवी धरून त्यांना मागं फिरवलं.

"जाऊ द्या की काकू," फुलसिंग म्हणाला. "आता उघडलंच हाय."

"तू उघडलं म्हणून? न्हाई. तुझ्या नोकरीवर बेतल. मला मेहेरबानीनं जायचं न्हाई."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दहाव्याचं पाणी अडवलं, हे ज्यानं ऐकलं त्याचा जीव कळवळला, कारण दहावा कुणाच्या घरी होणार नाही? म्हशीवाले आले, कुंभार आले, "आमचं बी सांगा" म्हणाले. सत्यभामाबाई म्हणाल्या, "तुमचं तुमी सांगा. मी एकदा सांगून बसले, तेवढं बस झालं." मग ते आपापल्या तोंडानं नगरपंचायतीत जाऊन सांगून आले, आणि चांगलंच खडसावून आले.

बागेत लोक येऊ लागले होते, तरी रीतसर उद्‌घाटन दसऱ्याच्या तोंडावर ठरलं होतं, मोठे पाहुणे येणार होते. दारात मेंढ्या बसलेल्या असताना फीत कुठं बांधणार? म्हणून एका सकाळी संपतराव स्वतः सत्यभामाबाईंच्या ओसरीवर आला. एकटाच आला, चप्पल बाहेर काढली, पाटावर बसला, पुनमनं केलेला चहा घेतला. माणूस चतुर. त्यानं भांडणाचा विषयच काढला नाही.

"सत्यभामाकाकू, माझ्या हातून एक चूक झाली," तो म्हणाला. "जनकाआजीचं नाव राहून गेलं. मी लहान असताना त्यांनीच माझं बोट धरून पाण्यात उतरवलं होतं. मी त्या उताराला संगमरवरी पाटी लावतो. जनकाबाई घाट. मोठ्या अक्षरात. वर मेंढीची मूर्ती. उद्‌घाटनाला फीत तुम्हीच कापा. आणि दसऱ्याला नि होळीला तुमच्या मेंढ्यांसाठी दार उघडून देऊ. लेखी देतो."

पुनमच्या हातातली कपबशी तशीच राहिली. संगमरवर! हटकरगल्लीतल्या कुठल्या बाईचं नाव आजवर दगडावर कोरलं गेलं होतं? तिनं सासूकडं पाहिलं. सत्यभामाबाईंच्या मनात खरोखरच ओढाताण चालली होती. जनकाबाई त्यांच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. बाजारात थांबून ती जनका मीच म्हणणाऱ्या. असं काही त्यांच्या हयातीत घडलं असतं तर त्या पाटीपुढं रोज जाऊन उभ्या राहिल्या असत्या, पदरानं पुसली असती. आणि आपण नाही म्हटलं तर वरून म्हणतील, मेली, जन्मभर जळली माझ्यावर, आता नावसुद्धा लावू दिलं नाही.

"दार राहील का?" त्यांनी विचारलं.

"दार तर ठेवावंच लागतं काकू. पण तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी उघडायचं. म्हणजे किल्ली तुमच्याकडं."

"हवं तर किल्ली तुमच्याकडं ठेवा. घ्या. इज्जतीनं देतो."

सत्यभामाबाईंनी पदर सावरला. "संपतराव, ती किल्ली माझ्याकडं आली की उद्या म्हशीवाला माझ्या दारात येऊन उभा राहील. परवा कुणी पिंड घेऊन येईल. मी काय त्यांना, थांबा, जेवून येते, म्हणू? आत्याबाईनं वाट केली ती कुणाला विचारून केली न्हाई. कुणी बी तिला विचारून गेलं न्हाई. तिचं नाव पडलं ते त्याच्यानं. दाराच्या वर तिचं नाव लावलं तर लोक म्हणतील, जनकाबाईनं रस्ता अडवला."

"मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"कमान तुमची ऱ्हाऊ द्या. बापाचं नाव ऱ्हाऊ द्या, सोनं लावलंय तर अजून लावा. आमचं नाव कुठं बी लावू नका. दार काढा."

"पाटी नको?"

"नको."

संपतराव उठला. दारातून वळून म्हणाला, "काकू, नाव लिहिलं नाही तर दहा वर्षांत विसरतात लोक."

"विसरू द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पाय विसरत न्हाईत."

तो गेल्यावर पुनमला राहवलं नाही. "आई, नाव तरी घ्यायचं होतं हो." सत्यभामाबाई तिच्यावर ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "मला बी वाटलं गं घ्यावं."

दार निघालं. कुणी जाहीर केलं नाही, कुणी चूक कबूल केली नाही. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी वेल्डिंगवाला आला, बिजागऱ्या कापल्या, दार ट्रॅक्टरवर टाकून घेऊन गेला. दुरुस्तीला नेलंय, असं सांगितलं गेलं. ते अजून दुरुस्त होत आहे. तिकीट झोक्यांकडच्या बाजूला घेतात, नदीकडं जायला नाही. फीत कमानीला नाही, कारंज्याला बांधली.

दसऱ्याला दोन्ही कळप उतारावर आले आणि नवीच पंचाईत झाली. फरशीवर खूर ठरेना. शेळीनं पाय टाकला, घसरली, माघारी फिरली. शेळी फिरली म्हणून सारा कळप फिरला. बागेतले लोक झोके सोडून बघायला लागले. सोनाजी म्हणाला, "वैनी, हे तर सिमिटाचं लोणी झालंय." सत्यभामाबाईंनी लुगड्याचा काष्टा खोचला, टोपलं उचललं आणि भिंतीपलीकडं बांधकामातून उरलेल्या ढिगातून मुरूम भरून आणून फरशीवर उपडा केला. पुन्हा गेल्या. दुसऱ्या खेपेला त्यांना मागं टोपल्याचा आवाज आला. पुनम होती, नवी साडी खोचलेली. तिसऱ्या खेपेला फुलसिंग खाकी सदरा काढून बंडीवर आला. मग म्हशीवाले आले. बागेत आलेल्या दोन बायकांनी गजरे सांभाळत टोपली हातोहात पुढं दिली. चकचकीत फरशी मुरमाखाली गेली आणि उतार पुन्हा पूर्वीसारखा तांबडा दिसायला लागला. शेळीनं हुंगलं, पाय रोवला आणि घंटा वाजवत पाण्यात उतरली. तिच्यामागं सगळी मेंढरं. पुनमनं आसरांच्या जाळीचं दार उघडून पहिली लोकर आत ठेवली.

मुरूम कुणी काढला नाही. एकदा झाडूवाल्याला पाठवलं होतं, तो थोडा खरवडून निघून गेला. पुढं होळीचं धुणं झालं, बैलपोळा झाला, आणि पुन्हा गणपती आले.

विसर्जनाच्या सकाळी सत्यभामाबाई अंगणात होत्या, हाताला काही काम नव्हतं. पाय दुखत होते म्हणून नुसत्या बसल्या होत्या. गल्लीतून नगरपंचायतीची गाडी भोंगा लावून चालली होती. "नागरिकांनी मूर्तींचं विसर्जन," भोंगा सांगत होता, "सत्यभामाबाईच्या दारातून आत जाऊन जनकाबाईच्या उतारावरच करावं. इतरत्र करू नये."

जिथं दार नाही त्या मोकळ्या जागेला लोक केव्हापासून सत्यभामाबाईचं दार म्हणायला लागले, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि कमानीवर सोन्यानं लिहिलेलं नाव त्या गाडीनं, खुद्द नगरपंचायतीच्या गाडीनं, एकदाही घेतलं नाही. गाडी वळून दुसऱ्या गल्लीत गेली, तिथंही तेच सांगत राहिली.

पुनम हसत बाहेर आली. "आई, ऐकलं का?"

सत्यभामाबाईंच्या कपाळाला जुनी आठी पडली. पण डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. जनकाबाई बसायच्या त्या उंबऱ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "बघा आत्याबाई. जन्मभर तुमच्यासंगं एका घरात ऱ्हायले. आता गाव बी आपल्या दोघींचं नाव एका दमात घेऊन राहिलंय. मेल्यावर तरी माझी सुटका हाय का न्हाई तुमच्यातून?"

मग त्यांनी पायांत चपला घातल्या आणि पुनमला म्हणाल्या, "मुरूम बघून येऊ चल. आज गर्दी व्हईल, कुणी घसरायला नको."